खोकं विकावं की हवा?

संगीताची यंत्रं बनवणाऱ्या कंपन्यांच्या बैठकांत गेली पंचवीसेक वर्षं एकच प्रश्न चहाबरोबर फिरतो आहे: आपणही सॉफ्टवेअर सिंथ काढायचे का? इंजिनिअर म्हणतो, काढूया. विक्रीवाला म्हणतो, काढले तर आपलं खोकं कोण घेणार? हिशेबवाला म्हणतो, काढा, पण महिन्याच्या वर्गणीवर. चहा संपतो, बैठक उठते. तोवर बर्लिन, ग्रनोबल नाहीतर स्टॉकहोममधल्या कोणीतरी त्याच कंपनीचा आवाज प्लगिनमध्ये भरून विकायला काढलेला असतो.

(इथे खोकं म्हणजे पत्रा, बटणं आणि काळ्या-पांढऱ्या पट्ट्या. विधानभवनाच्या पायऱ्यांवर ज्याच्या घोषणा झाल्या ते खोकं निराळं. ते वाजत नाही, गाजतं.)

ज्यांचा या गावाशी संबंध नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. सिंथ म्हणजे विजेवर आवाज घडवणारं वाद्य. संगणकावर गाणं रेकॉर्ड करायचं जे मोठं सॉफ्टवेअर असतं, त्याच्या पोटात बसणारं छोटं सॉफ्टवेअर म्हणजे प्लगिन. ते कधी आवाजाला घुमारा देतं, कधी स्वतःच वाद्य होऊन वाजतं. हॅम्बुर्गच्या स्टाइनबर्ग कंपनीने १९९६ मध्ये व्हीएसटी नावाची पद्धत आणली आणि १९९९ मध्ये तिच्यात वाद्यं बसवायची सोय केली. त्यानंतर लाखालाखाच्या यंत्रांचे आवाज घरातल्या संगणकात येऊन राहायला लागले. बरेचसे भाडं न भरता. आपल्याकडे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर काय काय सीडीत भरून मिळायचं हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना अधिक सांगायला नको.

आता रोलँड. या कथेतला सगळ्यात जास्त विनोद तिथेच आहे, म्हणून तिथून सुरुवात.

ओसाकात १९७२ साली इकुतारो काकेहाशी यांनी ही कंपनी काढली. १९८१ मध्ये तिने टीबी-३०३ नावाचं एक रुपेरी, छोटंसं यंत्र बाजारात आणलं. एकट्या गिटारवाल्याला बासच्या साथीला माणूस मिळत नसेल तर हे साथ करेल, अशी कल्पना. आवाज बास गिटारसारखा येईना आणि एक साधी ओळ भरायची तर डोकं धरायची पाळी. सुमारे दहा हजार नग बनवून १९८४ मध्ये कंपनीने हात झटकले. मग शिकागोतल्या पोरांनी जुन्या सामानाच्या दुकानांतून ती स्वस्तात उचलली, बटणं नको तितकी पिळली, आणि १९८७ मध्ये 'ॲसिड ट्रॅक्स' आलं. ॲसिड हाऊस नावाचा अख्खा संगीतप्रकार त्या कुरकुरीतून उभा राहिला.

त्याच्याही पाच वर्षं आधी, १९८२ मध्ये, चरणजित सिंग या हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात वाजवणाऱ्या माणसाने मुंबईत हेच ३०३, सोबत टीआर-८०८ हे ड्रम मशीन आणि ज्युपिटर-८ हा सिंथ घेऊन दहा रागांची डिस्कोच्या ठेक्यावर रेकॉर्ड केली. भैरवी, तोडी, मालकंस, सगळे त्या ठेक्यावर सरळ चालत गेले. रेकॉर्ड तेव्हा पडली. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली आणि परदेशातल्या जाणकारांनी तोंडात बोटं घातली: हे तर आमच्या आधीचं!

३०३ चं काय करायचं हे रोलँड सोडून सगळ्यांना कळलं होतं, असं म्हणायला हरकत नाही.

पुढचा अंक १९९७ चा. स्टॉकहोमच्या प्रॉपेलरहेड कंपनीने 'रिबर्थ' नावाचं सॉफ्टवेअर काढलं. पडद्यावर दोन ३०३, खाली एक ८०८, बटणंसुद्धा तशीच. ज्यांना खरं यंत्र परवडत नव्हतं अशा तरुणांच्या एका पिढीने त्यावर हात साफ केला. आणि रोलँड काय करत होतं? सॉफ्टवेअर करत नव्हतं असं नाही. एडिरॉल या नावाखाली ऑर्केस्ट्राचे आणि सर्वसाधारण कीबोर्डचे आवाज विकत होतं. म्हणजे लोक दारात उभं राहून ३०३ मागताहेत आणि मालक आतून व्हायोलिनचा ताफा आणून दाखवतो आहे. पुढे रिबर्थ आयपॅडवर गेलं. २०१७ मध्ये रोलँडने बौद्धिक संपदेची हरकत घेतली आणि ते मागे घ्यावं लागलं. तब्बल वीस वर्षांनी! हरकत कायद्याने बरोबर असेलही. पण वीस वर्षं उशिरा जागा होणारा मालक बघितला की त्याचा राग कमी आणि कीव जास्त येते.

रोलँडला बोलून झालं. आता एका माणसाबद्दल बोलू. बैठकीत हा विषय निघाला की त्याचं नाव कोणीच घेत नाही, आणि खरं तर सगळ्यात आधी त्याचंच घ्यायला हवं. डेव्ह स्मिथ. कॅलिफोर्नियातला इंजिनिअर. १९७८ मध्ये याच्या सिक्वेन्शियल सर्किट्सने प्रॉफेट-५ काढला. पाच स्वर एकदम वाजवणारा आणि लावलेला आवाज लक्षात ठेवणारा सिंथ. तोपर्यंत वादक आवाज लावायचे, कुठलं बटण किती फिरवलं ते कागदावर टिपायचे आणि पुढच्या कार्यक्रमात कागद शोधायचे. १९८३ मध्ये वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं एकमेकांशी बोलू लागली, त्या 'मिडी' पद्धतीमागे स्मिथ आणि काकेहाशी हे दोघे होते. तीस वर्षांनी, २०१३ मध्ये, त्यासाठी दोघांना तांत्रिक ग्रॅमी मिळालं. पण स्मिथची कंपनी १९८७ लाच बुडाली आणि यामाहाच्या पदरी पडली.

खरी गंमत त्यानंतर आहे. या माणसाने नव्वदच्या दशकात सीअर सिस्टिम्स या कंपनीत बसून 'रिॲलिटी' नावाचा सॉफ्टवेअर सिंथ केला. १९९७ मध्ये तो बाजारात आला. साध्या संगणकावर चालणाऱ्या पहिल्यावहिल्या व्यावसायिक सॉफ्टवेअर सिंथमध्ये त्याची गणना होते. खोक्याच्या या बादशहाने सॉफ्टवेअरचं दार बहुतेकांच्या आधी उघडलं, आत शिरला, बसून पाहिलं, आणि उठून बाहेर आला. २००२ मध्ये त्याने स्वतःच्या नावाची नवी कंपनी काढली आणि 'इव्हॉल्व्हर' आणला. पुन्हा पत्रा, पुन्हा बटणं. २०१५ मध्ये काकेहाशींच्या शब्दावर यामाहाने 'सिक्वेन्शियल' हे नावही त्याला परत दिलं. (जपानी कंपनी आपण विकत घेतलेलं नाव परत देते. आपल्याकडे भावाभावांत दुकानाची पाटी परत मिळत नाही.) २०२० मध्ये प्रॉफेट-५ पुन्हा बाजारात आला. २०२२ मध्ये स्मिथ गेले.

या काळात प्रॉफेट-५ ची सॉफ्टवेअर नक्कल कोणी काढलीच नाही का? काढली की! बर्लिनच्या नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्सने काढली, ग्रनोबलच्या आर्तुरियाने काढली. नकला विकल्या गेल्या आणि अस्सलही पुन्हा विकला गेला. म्हणजे बैठकीतल्या विक्रीवाल्याची 'आपलं खोकं कोण घेणार' ही भीती खोटी निघाली. तिच्यावर घालवलेली पंचवीस वर्षं मात्र खरी.

आता १९७८ चा प्रॉफेट-५ आणि १९९७ चा रिॲलिटी शेजारी ठेवा. चांगल्या कारागिराच्या हाताखालून गेलेला तो जुना प्रॉफेट आजही वीज दिली की वाजतो आणि जुन्या बाजारात त्याला नव्याहून जास्त मान असतो. विंडोज ९५ च्या जमान्यातलं ते सॉफ्टवेअर आज चालवायचं तर आधी विंडोज ९५ चा जमाना आणावा लागेल. एकाच माणसाच्या डोक्यातून निघालेल्या या दोन वस्तू. धाकटी आधी गेली.

हा धंदा खरा इथे अडतो. ॲपलने २००६ मध्ये इंटेलच्या चिपा घेतल्या; सगळी प्लगिन पुन्हा लिहा. २०१९ मध्ये ३२-बिटची दारं बंद केली. जी लिहायची राहिली होती ती मेली. २०२० मध्ये स्वतःची चिप आणली, पुन्हा लिहा. स्टाइनबर्गने व्हीएसटीची दुसरी आवृत्ती मोडीत काढली, पुन्हा तेच. यातल्या एकाही बदलात नवा सूर जन्मत नाही, नवा पैसा येत नाही. ज्या गिऱ्हाइकाने सात वर्षांपूर्वी पैसे मोजले तो मात्र रोज सकाळी विचारतो, अजून चालत का नाही? खोकं विकणं हा गुळाचा व्यापार आहे. ढेप दिली, पैसे घेतले, राम राम. प्लगिन विकणं म्हणजे दुधाचा रतीब. म्हैस आजारी पडो नाहीतर पाऊस पडो, सकाळी दारात हजर राहायचं. गुळाच्या व्यापाऱ्याने 'आपल्याकडे गिऱ्हाईक आहेच' एवढ्यावर रतीब अंगावर घेऊ नये.

आणि कंपन्या घेतात. एखादं प्लगिन मोठ्या गाजावाजाने येतं, दोन वर्षं मिरवतं, मग ते लिहिणारे दोघे इंजिनिअर नोकरी सोडतात आणि संकेतस्थळावर 'हे उत्पादन आता उपलब्ध नाही' अशी पाटी लागते. गिऱ्हाइकाच्या गाण्यांच्या फायली तशाच पडून राहतात. उघडल्या की जिथे बास होता तिथे शांतता.

तर मग प्लगिन काढूच नये का? तसंही नाही. प्रश्न विचारायची जागा चुकते आहे, इतकंच. 'सॉफ्टवेअरमध्ये जावं का' असं विचारणाऱ्या साहेबांनी आधी आपल्याच खोक्याचे चार स्क्रू काढून आत बघावं.

आत काय दिसतं? गेल्या तीसेक वर्षांतल्या बहुतेक डिजिटल सिंथमध्ये एक प्रोसेसर असतो, थोडी मेमरी असते आणि एक प्रोग्रॅम. म्हणजे संगणकच, फक्त त्याला पट्ट्या लावल्यात आणि किंमत चौपट केली आहे. असं खोकं विकणारी कंपनी सॉफ्टवेअरचीच कंपनी असते, फक्त तिच्या व्हिजिटिंग कार्डावर तसं लिहिलेलं नसतं. यामाहाचा १९८३ चा डीएक्स-७ घ्या. स्टॅनफर्डच्या जॉन चाउनिंग यांचं गणित, ते चिपेत भरलं आणि दीड लाखांहून जास्त नग विकले. उत्तम. पण गणित ते गणित. ते कागदावर लिहिलं तरी तेच आणि संगणकात टाकलं तरी तेच. आज 'डेक्स्ड' नावाचं प्लगिन तेच गणित फुकट करतं, डीएक्स-७ चे मूळ आवाजही त्यात जसेच्या तसे उघडतात. सिंथ बनवणाऱ्या बॉब मूगच्या यंत्रातली ट्रान्झिस्टरची शिडी तापली की सूर जरा हलतो, म्हणून नक्कल करणाऱ्याला निदान घाम तरी येतो. डीएक्स-७ ची नक्कल करायला घाम कशाला?

याचं सगळ्यात बोचरं उदाहरण जर्मनीतलं. ॲक्सेस कंपनीचा 'व्हायरस' सिंथ १९९७ मध्ये आला आणि ट्रान्स संगीतात त्याच्याशिवाय पान हलेना. २००५ च्या टीआय मॉडेलमध्ये यूएसबीची तार होती, संगणकात दिसणारं प्लगिनही होतं. पण ते नुसतं बटणांचं चित्र. आवाज निघायचा खोक्यातूनच. खोकं नसेल तर प्लगिन मुकं. पुढे त्याचे जनक क्रिस्टोफ केंपर गिटारच्या ॲम्प्लिफायरकडे वळले आणि तिथे त्यांनी आणखी नाव काढलं. व्हायरस मागे राहिला. साध्या संगणकावर वाजेल असं त्याचं प्लगिन कंपनीने काही काढलं नाही. शेवटी काही हौशी मंडळींनी त्या खोक्यातली मोटोरोलाची ५६३०० कुळातली चिपच संगणकात हुबेहूब उभी केली आणि मूळ प्रोग्रॅम तिच्यावर चालवून दाखवला. आवाजासारखा आवाज नव्हे, तोच आवाज. कंपनीने जे काम पगारी माणसांकडून करून घेतलं नाही ते चाहत्यांनी रात्री जागून, बिनपगारी केलं. हा कंपनीचा गौरव की अपमान, ते ज्याने त्याने ठरवावं. हिशेबवाल्यासाठी मात्र यात शून्य रुपये होते.

कोर्ग कंपनीला हे कळलं. या सगळ्या वरातीत शहाणं माणूस एकच, आणि ते टोकियोतलं आहे. एमएस-२० हा सिंथ १९७८ चा. २००४ मध्ये कोर्गने स्वतःच त्याची सॉफ्टवेअर आवृत्ती काढली आणि तिच्यासोबत काय दिलं? एमएस-२० चीच एक छोटी प्रतिकृती, खोचायच्या तारांसकट. तिला स्वतःचा आवाज नव्हता, नुसता यूएसबी. ती फिरवली की पडद्यावरचा सिंथ हलायचा. म्हणजे हाताला खोकं, कानाला सॉफ्टवेअर. २००८ मध्ये कोर्गचा आवाज निन्टेंडोच्या खेळण्यात गेला, २०१० मध्ये आयपॅडवर. मुलांच्या हातात सिंथ द्यायला कंपनीला लाज वाटली नाही. आणि २०१३ मध्ये? खरा एमएस-२० पुन्हा आला, मूळ आकाराच्या ८६ टक्के, आतून अॅनालॉग. नऊ वर्षं सॉफ्टवेअर विकून ज्यांना त्या आवाजाची चटक लावली होती, त्यांनीच तो विकत घेतला असणार. एम-१ चंही तसंच. १९८८ चा तो कीबोर्ड, त्यातल्या पियानोवर अर्धं हाऊस संगीत उभं आहे. त्याचं प्लगिन कोर्गने दुसऱ्याला काढू दिलं नाही, स्वतः काढलं. बैठकीत चहा कमी होत असावा.

मूगचं काय झालं ते थोडक्यात, कारण त्यात हसण्यासारखं फार नाही. २००३ मध्ये आर्तुरियाने मूगच्या मोठ्या मॉड्युलर सिंथची सॉफ्टवेअर आवृत्ती काढली, ती स्वतः बॉब मूग यांच्या पाठिंब्याने. म्हाताऱ्याला सॉफ्टवेअरचं वावडं नव्हतं. पण कंपनीने पुढची कितीतरी वर्षं पत्र्यावरच मन लावलं. २०११ मध्ये आयपॅडसाठी ॲनिमूग केलं, ते सुंदर होतं. २०१८ मध्ये मिनिमूगचं ॲप आलं, पंधरा डॉलरला. २०२० च्या टाळेबंदीत ते काही दिवस फुकटही वाटलं. खरं मिनिमूग पाच हजार डॉलरच्या घरात. मधल्या काळात बेहरिंगरने त्याची पत्र्याचीच नक्कल तीनशे डॉलरच्या आसपास आणून ठेवली. वरून खोक्याने दाबलं, खालून सॉफ्टवेअरने. मूगफूगर इफेक्ट्सची प्लगिन २०२२ मध्ये आली, 'मारियाना' नावाचा बास सिंथ २०२३ मध्ये. आणि त्याच २०२३ मध्ये, मारियानाच्या आधी, कंपनी इनम्यूझिकला विकली गेली. प्लगिन आधी काढली असती तर कंपनी वाचली असती असं मी म्हणणार नाही. वीस वर्षं दुसऱ्याने आपल्या नावाची सावली विकावी आणि आपण उन्हात उभं राहावं, हे मात्र दिसायला बरं दिसत नाही.

आता हिशेबवाल्याकडे वळू. तो मघापासून हात वर करून बसला आहे. त्याचं म्हणणं, रतीब आहे ना, मग महिन्याला पैसे घ्या! तर्क चोख आहे. फक्त गिऱ्हाईक माणूस आहे हे त्यात बसत नाही. रोलँडने आपलं क्लाउड उघडलं ते सुरुवातीला मासिक वर्गणीवर. लोक कुरकुरले, मग 'लाइफटाइम की' नावाने एकरकमी विक्री सुरू झाली. वेव्ह्ज या प्लगिनच्या बड्या कंपनीने मार्च २०२३ मध्ये जाहीर केलं की यापुढे फक्त वर्गणी, कायमची विक्री बंद. जगभरच्या साउंड इंजिनिअरांनी असा काही शिमगा केला की काही दिवसांतच कंपनीने माफी मागून जुनी पद्धत परत आणली. वाद्याशी माणसाचं नातं मालकीचं असतं. मिरजेहून तानपुरा आणला की तो घरचा होतो. पुढच्या महिन्याचा हप्ता चुकला म्हणून तंबोरा मुका झाला, असं कोणाच्या आजोबांनी ऐकलं नव्हतं.

आणि या वर्गणीवाल्यांची गाठ कोणाशी आहे ते बघा. 'सीरम' हा सिंथ स्टीव्ह ड्यूडा या एका माणसाच्या छोट्या कंपनीने २०१४ मध्ये काढला. तेव्हा किंमत १८९ डॉलर. त्याची दुसरी आवृत्ती २०२५ मध्ये आली ती जुन्या गिऱ्हाइकांना फुकट. अकरा वर्षांनी, फुकट! 'व्हायटल' २०२० मध्ये आला, त्याची मूळ आवृत्ती सुरुवातीपासूनच फुकट. 'सर्ज' तर कोडसकट सगळ्यांना खुला. यातल्या एकाच्याही मागे कारखाना नाही, वितरक नाही, कंटेनर नाही. पन्नास वर्षांच्या परंपरेची कंपनी जेव्हा आपल्या जुन्या सिंथची नक्कल घेऊन या बाजारात उतरते, तेव्हा तिच्यापाशी परंपरेखेरीज काहीच नसतं. आणि परंपरा तर आर्तुरियाने केव्हाच एका बंडलात घालून सेलला लावली आहे.

मिरजेचा विषय निघालाच आहे तर आपल्या घरातलाच हिशेब मांडू. बंगळुरूच्या राज नारायण यांनी १९७९ मध्ये इलेक्ट्रॉनिक तानपुरा केला. पुढे त्यांच्या रॅडेल कंपनीची ती छोटी पेटी गायनाच्या शिकवण्यांत, आकाशवाणीच्या स्पर्धेला निघालेल्या मुलांच्या पिशवीत, बैठकीत गवयाच्या मागे, सगळीकडे पोचली. आता तेच काम फोन करतो. तबल्याचा ठेका, तानपुरा, सुरपेटी, सगळं एका ॲपमध्ये, पट्टी बोटाने सरकवा. तरी मिरजेच्या भोपळ्याचं काही बिघडलं नाही. २०२४ मध्ये तिथल्या सतार-तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. चिमटा बसला तो मधल्या पेटीला. हाताला तंबोऱ्याचं सुख नाही आणि खिशाला ॲपचं सुख नाही, अशा वस्तूची जागा सगळ्यात आधी जाते. जपान-जर्मनीतल्या बैठकांत जो प्रश्न पंचवीस वर्षं सुटत नाही तो आपल्या गाण्याच्या क्लासात सुटून गेला आणि कोणी ठरावही केला नाही.

पण याच्या उलट बाजूही आपल्याच गल्लीत आहे. ऑर्केस्ट्रातल्या किंवा बेंजो पार्टीतल्या पॅडवाल्याला विचारून बघा, 'दादा, हे ऑक्टोपॅड कशाला वाहताय? लॅपटॉपमध्ये यापेक्षा भारी आवाज मिळतील की.' तो तुमच्याकडे ज्या नजरेने बघेल तिचं प्लगिन अजून निघायचं आहे. पाऊस, गुलाल, जनरेटरची वरखाली होणारी वीज, आणि समोर नाचणारी शे-दोनशे माणसं. लॅपटॉप अपडेट होतोय म्हणून दहा मिनिटं थांबा, असं वरातीत सांगणारा माणूस पुढच्या वरातीला नसतो. रोलँडच्या ऑक्टोपॅडचं एसपीडी-२० हे मॉडेल जगात केव्हाच मागे पडलं, तरी आपल्याकडे ऑर्केस्ट्रावाल्यांच्या तोंडून त्याचं नाव सुटत नाही. त्यातले आवाज आज कोणालाही फुकट मिळतील. काठीचा फटका खाऊन लगेच वाजणारं आणि पुन्हा फटका खायला तयार असणारं यंत्र मात्र फुकट मिळत नाही.

तेव्हा साहेब, ऐका. तुमच्या खोक्यात चिप आणि प्रोग्रॅमच असेल तर प्लगिन काढा, आजच काढा, आणि ज्याने खोकं घेतलं आहे त्याला ते फुकट द्या. यामाहा माँटाज एम घेणाऱ्यांना त्या यंत्राचं सॉफ्टवेअर रूप असंच देते आहे. उशिरा सुचलं, पण सुचलं. इतरांना एकरकमी विका. विकायच्या आधी ते लिहिणाऱ्या इंजिनिअरांचा दहा वर्षांचा पगार बाजूला काढून ठेवा. तेवढा निघत नसेल तर धंद्यात उतरू नका, कारण ॲपल तुम्हाला विचारून चिप बदलत नाही. खोक्यात अॅनालॉग सर्किट असेल आणि हाताखालच्या बटणांवरच तुमचं नाव उभं असेल, तर नक्कल करायचा परवाना दुसऱ्याला द्या, त्याचे पैसे घ्या आणि बटणं आणखी चांगली करा. डेव्ह स्मिथ यांनी सॉफ्टवेअर करून बघून मग बटणांकडे परतायचं ठरवलं होतं. तुम्ही न करता ठरवलंत तरी चालेल, पण ठरवा. आणि मनात नुसती मासिक वर्गणीच असेल तर तो चहा गार होऊ द्या.

वाचकांपैकी कोणी घरातल्या पोराच्या हट्टाने सिंथ घ्यायला निघाला असेल तर त्याला एवढंच सांगणं: आधी व्हायटल उतरवून घ्या, फुकट आहे, सहा महिने पोरगं त्याच्यासमोर बसतं का बघा. बसलं तर खोक्याचा विचार करा आणि ते दुकानात जाऊन, बटणं फिरवून घ्या. प्लगिनच विकत घ्यायचं असेल तर नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबा. बऱ्याच प्लगिनच्या किमती तेव्हा निम्म्यावर येतात. खोक्याच्या तितक्या उतरत नाहीत.